आधी माझं दूध तपासलं

माझा मुलगा वेदांत दूध पिऊन सगळं ओकायचा, तेव्हा घरातल्यांनी आधी माझं दूध तपासलं. मुलाला तपासायचं नंतर सुचलं. या दोन्हींच्या मधे जे झालं ते इथं लिहिते आहे. ज्यांच्या मांडीवर आज असंच बाळ आहे आणि तुझ्याच अंगात खोट आहे असं ज्यांना घरातले सांगताहेत, त्यांच्यासाठी हे आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, पण त्यांना ते आवडेलच असं नाही.

पेठ

माझं माहेर पेठ, आंबेगाव तालुक्यातलं. सासर पिंपळवंडी. बाळंतपणाची सुट्टी घेईपर्यंत मी तिथल्याच दूध संकलन केंद्रावर कामाला होते. लोक किटल्या घेऊन यायचे, मी नमुना मशीनला लावायचे आणि फॅट किती लागलं ते सांगायचे. काम साधं होतं, मला आवडायचं.

बाळंतपणाला पेठला आले. वेदांत झाला आणि थोड्याच दिवसांत दूध काढायला लागला. प्याला की गालावरून एक ओघळ यायचा. आई म्हणायची, सगळीच पोरं काढतात, त्यात काय. तिला बाळ खाली ठेवायची सवयच नव्हती. माझं पाजून झालं की ती त्याला खांद्यावर टाकायची आणि टीव्हीवरची मालिका संपेपर्यंत तशीच घरात फिरत राहायची. त्याचं वजन वाढत होतं, झोप लागत होती. मला काळजी करण्यासारखं काही दिसलं नाही. आणि तेव्हा ते नव्हतंच.

झोळी

दोन महिन्यांनी आम्ही पिंपळवंडीला आलो. घरात सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. मोठे दीर चाकणला कंपनीत, आठवड्याला येणारे. जाऊबाई रेखाताई आणि त्यांची ओवी, वेदांतपेक्षा चारेक महिन्यांनी मोठी. माझा नवरा अमोल शेती बघतो आणि पिकअप चालवतो.

इथली रीत अशी की बाळ प्यालं की झोळीत. झोळीत अंगाचं मुटकुळं होतं, पोट दाबलं जातं. हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळत होतं की इथं आल्यापासून मूल बदललं आहे. पाजायला घेतलं की तो दोन घोट प्यायचा आणि छाती सोडून मागं वाकायचा, अंग धनुष्यासारखं ताठ. रडायचा. भूक असायची म्हणून पुन्हा तोंड लावायचा, पुन्हा सोडायचा. जे पोटात गेलं असेल तेही थोड्या वेळानं बाहेर यायचं, कधी नाकातूनसुद्धा. त्याच्या मानेच्या वळ्यांमध्ये आंबट वास बसला होता, पुसून जात नव्हता. रडून आवाज घोगरा झाला होता. झोळीतून तो आवाज आला की बाळ रडतंय असं वाटायचंच नाही.

शेजारी ओवी गुटगुटीत. आल्यागेल्यासमोर दोघांना एका गोधडीवर ठेवून बघायचा कार्यक्रम व्हायचा. मग माझं खाणं बंद व्हायला लागलं. आधी वरण, मग बटाटा, मग भात, मग फळं. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी एवढंच राहिलं. मी वाळत गेले आणि तो ओकतच राहिला. केंद्रावर दूध घालणारा एक जण आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "गावाच्या दुधाचं फॅट काढती, सोताचं कवा काढायचं?" सगळे हसले. अमोलही हसला.

वाटी

शेजारच्या एका वयस्कर बाईंनी आत्यांना सुचवलं की हिच्या दुधात मुंगी टाकून बघा. जगली तर दूध चांगलं, मेली तर बाळाला बाधतंय.

दुपारची वेळ होती. मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि स्टीलची वाटी हातात दिली. समोर आत्या, त्या शेजारच्या बाई, आणि ओवीला कडेवर घेतलेल्या रेखाताई. माझी नणंद शीतल लग्न होऊन भोसरीला असते. तिलाही दिसावं म्हणून व्हिडिओ कॉल लावून मोबाइल मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. एवढ्या जणींसमोर मी गाऊनची बटणं सोडली. भीतीनं दूध उतरेना. आत्या म्हणाल्या, "पोटच्या पोरासाठी येत न्हाई, मग कुणासाठी यायचं?"

शेवटी आलं. साखरेच्या डब्यावरची एक काळी मुंगी आत्यांनी बोटावर घेतली आणि वाटीत सोडली. ती काठाकडं जायला बघत होती. पाय हलवत होती. एकदा काठापर्यंत पोचलीही, पण वाटी गुळगुळीत. मग थांबली. आत्यांनी वाटी उचलली आणि मोरीत उपडी केली. मोबाइलमधून शीतलचा आवाज आला, "बंदच कर आई तिचं. रेखावहिनीला पाजू दे की."

अमोल दारात उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं खिळ्यावरची पिकअपची किल्ली काढली आणि टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात निघून गेला.

आजारपणाच्या गोष्टीत माणूस दवाखान्यातला दिवस सगळ्यात वाईट म्हणून सांगतो. माझा तो नव्हता. हा होता.

मोगरा

त्या दिवसापासून वेदांत रेखाताईंच्या अंगावर. माझं दूध आटावं म्हणून छातीवर मोगऱ्याच्या कळ्या ठेवून वरून घट्ट फडकं बांधलं. दूध लगेच आटत नाही. छाती दगडासारखी व्हायची, ताप यायचा, मी मोरीत जाऊन हातानं दूध काढायचे आणि वर तांब्याभर पाणी ओतायचे. भिंतीपलीकडं तो रडायचा आणि माझं फडकं भिजायचं. अंगाला काय माहीत घरात काय ठरलंय.

रडणं थांबायचं. रेखाताई बाहेर येऊन सांगायच्या की प्याला, गप झोपला. आत्या माझ्याकडं बघून "बघ" एवढंच म्हणायच्या. रेखाताईंना रोज तूप घालून डिंकाचे लाडू सुरू झाले, ताट आत्या स्वतः वाढायला लागल्या. मला वेदांतला घ्यायची मुभा होती, पण तोंड छातीकडं न्यायचं नाही. तो माझा वास ओळखायचा, गाऊन चोखायचा, आणि मी त्याला वळवून पाठमोरा धरायचे. असं मूल कसं धरावं हे कुणी आईला शिकवत नाही.

आणि तरी तो भरत नव्हता. मांड्यांची कातडी सैल पडली होती. मी बोलले की तो माझा मत्सर ठरायचा.

एका सकाळी मागच्या नळावर रेखाताई कपडे धुवत होत्या. मी ओवीची लंगोटं वाळत घालायला गेले, तर त्यांच्या हातातल्या ओढणीला तोच आंबट वास. एक नाही, बादलीभर तशाच ओढण्या आणि दुपटी. मी विचारलं, "ताई, तुमच्याकडंबी ओकतोय का?"

"हळू बोल."

"कधीपासनं?"

"पयल्या दिवसापासनं."

त्यांनी ओढणी पिळली, झटकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी सांगितलं असतं तर माझ्या दुधातबी मुंगी टाकली असती. ओवी झाली तवा पोरगी म्हणून मला कुणी लाडूबी विचारला न्हाई. आत्ता कुठं ताट वाढत्यात."

मी तशीच आत जाऊन आत्यांना सांगितलं. आत्यांनी रेखाताईंना हाक मारली. त्या ओले हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, कुठं काय, प्याला की गप झोपतोय की. आत्या मला म्हणाल्या की पोराचं दूध तुटलं तर तुझं डोकंबी फिरलं का. त्या क्षणी मला रेखाताईंचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता. आत्यांचासुद्धा नाही.

निळे ओठ

दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर आत्यांनी वेदांतला पायावर आडवा घेतला आणि सहाणेवर उगाळलेली गुटी चमच्यानं तोंडात घातली. नुकताच प्यालेला होता. पोटातलं दूध वर आलं, वरून गुटी गेली, आणि तो आवाज न करता हातपाय ताणून राहिला. ओठ जांभळे, मग निळे. मी आत्यांच्या पायांवरून त्याला उचललं, पालथा धरला, पाठीवर थापा मारल्या. नाकातोंडातून दूध आलं आणि श्वास आला, पण शिट्टीसारखा. अमोल अंगणातच होता. पिकअपमध्ये बसलो. आत्याही चढल्या. नारायणगावला पोचेपर्यंत मी त्याच्या छातीवर कान ठेवून बसले होते.

मुलांच्या दवाखान्यात त्याला आत नेलं, ऑक्सिजन लावला, छातीचा फोटो काढला. दूध फुप्फुसात उतरलं होतं. श्वास जरा सावरल्यावर डॉक्टर मॅडमनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि विचारलं की अंगावर कोण पाजतं.

अमोल फरशीकडं बघायला लागला. मी सगळं सांगितलं, वाटीपासून नळापर्यंत. जावेचं नाव निघाल्यावर आत्या म्हणाल्या की खोटं बोलतीय. मॅडमनी अमोलला घरी फोन लावायला सांगितला, स्पीकर चालू केला आणि स्वतः बोलल्या. म्हणाल्या, बाळ ऑक्सिजनवर आहे, मला खरं कळलं तर औषध नीट देता येईल, तुमच्याकडं दूध ओकतं का. पलीकडून ओवीचं बडबडणं ऐकू येत होतं. मग रेखाताई म्हणाल्या, "व्हय. ओकतोय. पयल्यापासनं." आणि फोन ठेवला.

मॅडमनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. अन्ननलिका जठराला जिथं मिळते तिथं एक झडप असते. लहान बाळाची ती ढिली असते, म्हणून पोटातलं दूध आंबट होऊन वर येतं. बहुतेक बाळांचं नुसतं ओघळतं, हसत खेळत वाढतात आणि वर्षभरात आपोआप थांबतं. त्यांना औषध लागत नाही. पण काहींची नळी त्या आंबटानं पोळते. मग पिताना दुखतं, म्हणून बाळ छाती सोडून मागं वाकतं. वजन अडतं, खोकला राहतो, आणि कधी दूध श्वासात जातं. वेदांतचं हे झालं होतं. दूध कुणाचं आहे याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आईचं दूध तर सगळ्यात हलकं, तेच बंद केलं होतं.

आत्या म्हणाल्या, "पण मुंगी मेली व्हती."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, ती पाण्यातही मेली असती."

आत्यांनी पदर सारखा केला. कुणी माझ्याकडं पाहिलं नाही. मला वाटत होतं की आता काहीतरी होईल, कुणीतरी काहीतरी म्हणेल. मॅडमनी पुढची चिठ्ठी लिहायला घेतली.

आटलेलं

त्याच्या नाकातून बारीक नळी घातली होती, त्यातून थोडं थोडं दूध जायचं. मॅडम म्हणाल्या, तुमचं काढून द्या, तेच घालू. मी पडद्याआड बसले आणि काही आलं नाही. कळ्यांनी आणि फडक्यानं काम केलं होतं. घरातले चुकले होते हे दवाखान्यात कळलं, आणि दाखवायला माझ्याकडं थेंब नव्हता. एवढं रडले नव्हते कधी, मुंगीच्या दिवशीसुद्धा नाही.

नर्स म्हणाल्या की तरीही दर दोन तासांनी बसा, बाळाला उघड्या छातीवर घ्या, परत येतं. वरचं पावडरीचं दूध चालू केलं. मी बसत राहिले. दवाखान्याचा दिवस फार लांब असतो. सकाळी काटा, मग वाफ, मग मॅडमची फेरी, मग नळी, मग पुन्हा पडदा. काट्यावर वजन वाढलेलं दिसलं नाही की मी दिवसभर कुणाशी बोलायचे नाही.

शेजारच्या खाटेवर घाटघरच्या एक आजी होत्या, निमोनिया झालेल्या नातीला घेऊन. त्यांनी मला काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी दुपारी माझ्यापुढं नाचणीची भाकरी आणि भाजीचं कोरड्यास ठेवलं. कितीतरी दिवसांनी कुणी मला हे खाऊ नको म्हणालं नव्हतं. मग म्हणाल्या, "दे हिकडं पोर, पड जरा." वेदांतला उभा छातीशी धरून त्या खाटांच्या मधून फेऱ्या घालायला लागल्या आणि मी झोपले. उठले तेव्हाही त्या फिरतच होत्या. त्यांची नात आमच्याआधी घरी गेली. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी वाटीच्या तळाला पिवळसर थेंब दिसले. नर्सनी ते सिरिंजनं ओढून नळीत घातले. पोटभर कधीच आलं नाही, शेवटपर्यंत अर्धं माझं आणि अर्धं वरचं असंच चाललं. पण आलं.

अमोल रोज डबा घेऊन यायचा आणि बाहेर पायरीवर बसायचा. एकदा आत येऊन खाटेच्या कडेला टेकला. मला वाटलं, आता बोलेल. तो वेदांतच्या तळव्याला बोट लावत म्हणाला, "घरी आल्यावर हा विषय काढू नको. आईला लागंल."

मी म्हणाले, "मी घरी येत न्हाई. पेठला जाते."

त्यानं मान हलवली. अडवलं नाही. आत्यांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

जे केलं ते

पेठला आम्ही सात-आठ महिने राहिलो. काय काय केलं ते सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण तुमच्या बाळाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

एका वेळी थोडंच पाजायचे, पण जास्त वेळा. पाजताना डोकं वर, पोट खाली राहील असं धरायचे. मधेच थांबून ढेकर काढायचे. प्याल्यावर अर्धा तास तरी खांद्यावर उभा. लंगोट पोटावर घट्ट नाही, आणि प्याल्यावर लगेच लंगोट बदलताना पाय पोटाशी दुमडायचे नाहीत. झोळी बंद. झोपवायचं पाठीवर, सपाट, उशीशिवाय. उशी दिली तर दूध खाली राहील असं मला वाटायचं, मॅडमनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. मान दुमडून श्वास अडतो. गुटी, मध, ग्राइप वॉटर काही नाही. दुधात काही घालून घट्ट करायचं नाही, मनानं तर नाहीच. आंबट कमी करणारं एक औषध काही आठवडे होतं, मग मॅडमनीच बंद केलं. त्यानं ओकणं थांबलं नाही, नुसतं दुखणं कमी झालं. मला आधी वाटलं, औषध लागू पडत नाही. मग एक दिवस तो पिता पिता न वाकता झोपून गेला आणि मला कळलं की लागू पडलंय.

उलटी हिरवी आली, रक्त दिसलं, जोरात पिचकारीसारखी येऊ लागली, बाळ निळं पडलं, मलूल झालं, पिणं सोडलं किंवा वजन अडलं, तर घरात कुणाचंच मत घेऊ नका. गाडी काढा.

वाईट दिवस होतेच. बरा आठवडा जायचा आणि सर्दीनं सगळं पुन्हा पहिल्यासारखं. आई दमायची, मी तिच्यावर ओरडायचे. वडील म्हणायचे की एवढ्याशा उलट्यांसाठी लेक सासर सोडून बसलीय असं लोक बोलतात. अमोल रविवारी यायचा, वेदांतला खांद्यावर घेऊन फिरवायचा, चहा पिऊन जायचा. त्याला धरायला छान जमायला लागलं होतं. तेवढंच.

तो बसायला लागला, मऊ भात खायला लागला, उभा राहिला आणि ओकणं कमी होत गेलं. कधी थांबलं ते नक्की सांगता येत नाही. एक दिवस लक्षात आलं की खांद्यावर फडकं टाकायची सवय राहिली आहे, पण फडकं कोरडं आहे.

शीतलताई

आम्ही पिंपळवंडीला परत आलो. कुणी माफी मागितली नाही. आत्या आल्यागेल्यांना सांगतात की पोराला ॲसिडिटी होती, आम्ही लगेच दवाखान्यात घेऊन पळालो म्हणून वाचला. मी तेव्हा चहा करत असते. रेखाताई आणि मी एका चुलीवर स्वयंपाक करतो. त्यांनी फोनवर खरं सांगितलं होतं, हे मी विसरत नाही. आधी काय केलं होतं, तेही विसरत नाही.

मग शीतलताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या. मुलगी झाली. महिन्याभरात ती ओकायला लागली, मागं वाकायला लागली. मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि वाट बघत होते की आता काय होतं. आत्या बाहेर आल्या आणि अमोलला म्हणाल्या, "गाडी काढ. पोरीचं काय दुखतंय ते डॉक्टरला दाखवून या." लेकीच्या ताटातली एक वस्तू कमी झाली नाही. लेकीच्या दुधावर कुणी शब्द काढला नाही. रेखाताई भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मला बरोबर बोलावलं, कारण बाळ कसं धरायचं ते मला येतं. पिकअपमध्ये मी त्या मुलीला खांद्यावर उभी धरून बसले. शीतलताईंचे डोळे सुजलेले होते. गावाबाहेर पडल्यावर त्यांनी हळू आवाजात, अमोलला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "वहिनी, माझ्या दुधात तर काय दोष नसंल ना?"

मला उत्तर माहीत होतं. ते द्यायला एक शब्द पुरला असता. मी बाहेर बघत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, नुसत्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. नारायणगावची पाटी दिसेपर्यंत मी त्यांना तसंच ठेवलं.

मग मी म्हणाले, "न्हाई. तुमच्या दुधात काही न्हाई."

त्या रडायला लागल्या. त्यांच्या मुलीनं माझ्या खांद्यावर ढेकर दिला, आणि मी तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.